पाठीचा कणा, मज्जारज्जू आणि लाखोळीची डाळ



यंदाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहून द्यावे असे चालकांनी सुचविले, तेव्हा कडधान्यांच्या भावांतील चढउतार हा माझ्या नित्याचा विषय त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्या विषयावर लिहिणे मला सोपेही गेले असते. तथापि गेली काही वर्षे एक निराळाच विषय मनात ठाण मांडून बसला आहे. तो वैद्यकशास्त्रातील आहे, आणि प्रस्तुत लेखकाचे शिक्षण तर मॅट्रिकपुढे गेलेले नाही. परंतु त्या विषयाचा एक धागा निघतो तो थेट आपल्या वखारीत येऊन पोहोचतो, म्हणून हे धारिष्ट्य करीत आहे.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या पेढीवर पंचवीस वर्षे पोती उचलणारा एक हमाल चालताना अडखळू लागला. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगकाठी काटक. पायातील चप्पल निसटून मागे राही आणि त्याला ते कळतही नसे. विडी पेटविताना काडी बोटांतून गळून पडे. दुखत-खुपत मात्र कोठेच नव्हते. ही लक्षणे पाहून मी जो निष्कर्ष काढला, तो सांगावयास आज लाज वाटते. याला दारूचे व्यसन लागले, असे मी ठरवून टाकले, चारचौघांत त्याला बोललो आणि दोन वेळा कामावरून परत पाठविले. त्याने उलट शब्द काढला नाही. घरी आठ-दहा महिने तेलमालीश चालू होते. अखेर एके दिवशी त्याची पत्नी पेढीच्या पायरीशी येऊन उभी राहिली व म्हणाली, "सावकार, ते पीत नाहीत हो. सकाळी उठून नुसते उभे राहिले तरी पाय लटलट कापतात. शर्टाची बटणे मी लावून देते."

त्याच आठवड्यात त्याला घेऊन मी बेळगावास गेलो. तेथील मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली लहानशा हातोडीने ठोकताच त्याचा पाय जोराने उडाला. तळव्यावरून एक काडी ओढली, तेव्हा पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला. एवढ्यावरून डॉक्टर म्हणाले, "दोष पायांत नाही. मानेत आहे." मानेचे एम.आर.आय. चित्र निघाल्यावर त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

पायांचा दोष मानेत कसा, हे मला त्या वेळी उमगले नव्हते. ते आता जमेल तसे सांगतो. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मण्यांची माळ होय. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ असे मणके असून त्यांखाली त्रिकास्थी व माकडहाड असते. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस एक कडे असते, व ती कडी एकाखाली एक आल्याने नळी तयार होते. या नळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची जाडी करंगळीएवढी आणि लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो व पुढे केवळ मज्जातंतूंचा झुबका राहतो. मेंदूने दिलेला हुकूम हातापायांपर्यंत पोहोचविणारे तंतू याच रज्जूतून जातात, आणि पायांकडे जाणाऱ्या तंतूंचा पल्ला त्यांत सर्वांत लांबचा. वाटेत कोठेही अडथळा आला की हुकूम पोहोचत नाही. इतकेच नव्हे, तर वरचा लगाम सुटल्यामुळे स्नायू सैल पडण्याऐवजी उलट ताठरतात. म्हणून असा रुग्ण लुळा पडत नाही, तो ताठ पायांनी, टाचा उचलून, गुडघे एकमेकांवर घाशीत चालतो. पाहणाऱ्यास तो प्यालेला वाटावा यात नवल नाही. (माझे समर्थन म्हणून हे लिहीत नाही.)

आमच्या माणसाच्या मानेतील मणक्यांमधील चकत्या झिजून मागे सरकल्या होत्या, हाडाला कंगोरे फुटले होते आणि मधल्यामध्ये मज्जारज्जू चेपला जात होता. वयोमानाने अशी झीज पुष्कळांना होते. मानेवर व पाठीवर पोती वाहिल्याने ती वाढली काय, असे मी विचारले. डॉक्टर सावध बोलले. एका माणसाविषयी तसे छातीठोकपणे सांगता येत नाही, एवढेच ते म्हणाले. मी मात्र माझ्या मनाशी हिशेब केला. आपल्यापैकी जुन्या सभासदांना आठवत असेल, १०० किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर देण्यात आपल्याला काहीच वाटत नसे. आता ५० किलोची पोती रूढ झाली आहेत, ती आपल्या दयाबुद्धीने झाली असे कोणी समजू नये.

शस्त्रक्रिया झाली. कडे मागून उघडून रज्जूवरील दाब काढण्यात आला. डॉक्टरांनी अगोदरच बजावले होते की, शस्त्रक्रियेचा पहिला हेतू आहे तेवढे राखणे हा होय. गेलेले किती परत येईल हे दाब किती दिवस होता यावर अवलंबून. त्याचे बरेचसे परत आले. बटणे तो आता स्वतः लावतो. पायांतील थोडा ताठरपणा राहिला तो राहिलाच, आणि त्यातील आठ-दहा महिन्यांचा वाटा माझ्या गैरसमजाचा होता.

या निमित्ताने मी जे वाचले व विचारून घेतले, त्यात एक गोष्ट मला विशेष वाटली. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील संशोधन म्हणजे नवनवी हत्यारे काढणे, अशी माझी समजूत होती. वस्तुतः कोठे कापावयाचे नाही, हे ठरविणे हाही त्या संशोधनाचा तेवढाच मोठा भाग आहे. कण्याच्या क्षयाचे उदाहरण घ्या. आपल्या देशात मज्जारज्जूवर दाब आणणारे हे एक जुने कारण. पूर्वी अशा रुग्णास महिनोन् महिने प्लास्टरच्या कवचात निजवून ठेवीत, नाहीतर मोठी शस्त्रक्रिया करीत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरिया, ऱ्होडेशिया, हाँगकाँग व पुढे मद्रास येथे रुग्णांचे गट पाडून वर्षानुवर्षे तुलना केली. तीत असे दिसून आले की, औषधे नेमाने घेतली तर बहुतेक रुग्ण हिंडते-फिरते राहून, कवचाशिवाय व शस्त्रक्रियेशिवायही बरे होतात. ज्यांना खरोखरच गरज आहे अशांसाठीच शस्त्र उरले.

उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. मानेतील पहिला व दुसरा मणका यांमधील सांधा ढिला झाला, तर रज्जू अगदी वरच्या, म्हणजे श्वासाच्या केंद्राजवळच्या, नाजूक जागी चेपला जातो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ पासून त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंस पट्टी व स्क्रू बसवून तो पक्का करण्यास आरंभ केला, १९९४ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली आणि २००२ मध्ये १६० रुग्णांचा वृत्तांत जगापुढे ठेवला. जर्मनीतील हार्म्स यांनी २००१ मध्ये तिच्यात काही फेरफार सुचविले, व आता ती गोयल-हार्म्स पद्धत या जोडनावाने देशोदेशी ओळखली जाते. के. ई. एम.ला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या नावाने चालते. त्यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीतील नसलेले, लायक हिंदी लोक असावेत. व्यापाऱ्याच्या पैशाला कोठे कसे फळ येते, ते अशा वेळी दिसते.

आता मुख्य विषयाकडे येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या एका भेटीत डॉक्टरांनी सहज विचारले, "आप्पा, आपला व्यवसाय कोणता?" मी म्हणालो, "धान्य आणि डाळी. घाऊक." ते हसून म्हणाले, "मग असाच ताठ पायांचा दुसरा एक रोग आहे, त्यावर आमच्याकडे शस्त्र नाही. त्याचे औषध तुमच्याकडे आहे." मला वाटले, थट्टा करीत आहेत. ते बोलत होते लाखोळीबद्दल.

लाख, लाखोळी, लाखोरी ही विदर्भातील नावे. छत्तीसगडात तिवडा, उत्तरेकडे खेसारी. आपल्या भागात ही डाळ पिकत नाही, म्हणून तरुण सभासदांनी ती पाहिलीही नसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर या धानाच्या पट्ट्यात भात कापणीच्या आधी उभ्या पिकातच तिचे बी फेकतात. जमिनीतील उरल्यासुरल्या ओलीवर, नांगरट नाही, खत नाही, अशी ती वाढते. पाऊस दगा देवो वा अतोनात पडो, इतर पिके गेली तरी ही तग धरते. गरिबाच्या पिकाचे सगळे गुण तिच्यात आहेत, आणि नेमके त्यातच तिचे अनर्थाचे मूळ आहे. कारण दुष्काळात जेव्हा खावयास दुसरे काही उरत नाही, तेव्हा हीच उरते.

रोजच्या अन्नात एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा लाखोळीचा झाला आणि असे दोन-तीन महिने सलग चालले, तर काही माणसांना एकाएकी पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात, पाय जड होतात आणि काही दिवसांतच ते ताठरतात. इंग्रज डॉक्टर अॅक्टन यांनी १९२२ मध्ये या रोगाच्या पायऱ्या लावल्या, त्या काठीच्या हिशेबाने लावल्या आहेत. बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी बुडावर सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, हात चालतात, आयुष्यही पुरे मिळते. विशीतिशीतील कष्टकरी पुरुषांत याचे प्रमाण अधिक. ती डाळ खाणे थांबविले की रोग बहुधा पुढे सरकत नाही, पण मागेही फिरत नाही. कण्यात दाब कोठेच नसतो, मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंच्या पेशीच मेलेल्या असतात, आणि त्यामुळे शस्त्राने सोडवावयाचे असे काही शिल्लकच नसते.

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. सुश्रुतसंहितेत कलायखंज नावाचा वातव्याधी सांगितला आहे. पाऊल उचलताच कापणारा व लंगडत चालणारा, असे त्याचे वर्णन आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस लंगडा-पांगळा होतो असा इशारा आहे. जर्मनीतील व्हुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये याच पिठाच्या पावास बंदी केली होती. कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन याने सागरकडील हकीकत १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने व १८३१ साली तांबेऱ्यासारख्या रोगाने गहू गेला. तिन्ही वर्षे तिवडा मात्र जोमाने आला. लोकांनी तो खाल्ला, आणि १८३३ पासून गावोगावची तिशीच्या आतील मंडळी कमरेखाली अधू होऊ लागली. बैलही सुटले नाहीत.

त्यानंतर शतकभराने, दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना याच डाळीचे अन्न दिले गेले. शेकडो लोक पांगळे झाले. त्यांच्यातीलच कैदी असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला, तेव्हा कैद्यांनी ते अन्न नाकारले. आपल्याकडे रीवा-सतना भागात तर दुष्काळाचीही गरज नव्हती. तेथे जमीनदाराशी बांधलेल्या शेतमजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य मोजून देत असत. चांगले धान्य बाजारात जाई. वाचताना मला वाटले, हा रोग पिकाचा खरा, पण मोजून देणाऱ्या हाताचाही.

विष नेमके कोणते, याचा उलगडा १९६४ मध्ये झाला, आणि तोही आपल्याच देशात. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, आडिगा व सर्मा यांनी, आणि दिल्लीस मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन यांनी एकाच वर्षी तो पदार्थ वेगळा काढला. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जो पदार्थ वापरतात, त्याचेच हे सोंग आहे. खरा निरोप क्षणात विरतो. हा तोतया मात्र पेशीला सारखा डिवचीत राहतो आणि ती थकून मरते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास विषाचा मोठा अंश निघून जातो. पण ज्याच्या घरी सरपण व पाणी दोन्ही तोकडे, त्याने हे कसे करावे?

एवढे वाचून लाखोळी म्हणजे हलाहल, असे कोणी समजेल तर तेही न्याय्य होणार नाही. विदर्भात पिढ्यान् पिढ्या ती इतर अन्नाबरोबर बेताने खाल्ली जाते आणि लोक धडधाकट असतात. केंद्र सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीस मनाई करण्याचा नियम केला. ही बंदी गरीब शेतकऱ्यावर अन्यायाची आहे, म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे चळवळ केली, उपोषणे केली. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये आपली बंदी उठविली. मात्र केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खेसारी, तिचे पीठ व तिचे मिश्रण विकण्यास मनाई कायम ठेवली गेली. दरम्यान शेतीशास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण काढले. त्यांत विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत आहे. २०१६ मध्ये या तीन वाणांना वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने अनुकूल मत दिल्याचे वृत्त आले होते. पिकविणाऱ्याने ते उघडपणे, नाव सांगून विकावे आणि घेणाऱ्याने जाणून घ्यावे, यात मला स्वतःला वावगे दिसत नाही. पण नाव लपवून तूरडाळीत मिसळली जाते, तेव्हा प्रकरण निराळे होते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक-व्यवहार म्हणून जो सांगितला आहे, तो हाच. आपण तो पाठ म्हणतो.

२०२१ मध्ये आमच्याकडे एका दलालामार्फत ४० पोती तूरडाळ आली. भाव बाजारापेक्षा जरा उतरता होता. उतरता का, हे विचारावयाचे असते हे मला या वयात कोणी शिकवावयास नको होते. पण मी विचारले नाही. सहा पोती गेल्यावर एका नमुन्याची मूठ मी सहज उजेडात पसरली, तो काही दाणे वेगळे दिसले. तुरीच्या डाळीची पाठ गोल, घुमटासारखी असते. हे दाणे कोनदार, चौकोनी वळणाचे व एका बाजूने उतरते होते. नमुना प्रयोगशाळेत पाठविला. लाखोळीच होती. दलालास फोन केला, तर तो म्हणाला, "आप्पा, एवढ्याने कोणाला काय होते? सगळीकडे चालते."

त्याचे पहिले वाक्य एका अर्थी खरे होते, आणि हीच या प्रकरणातील भयंकर बाब आहे. एका जेवणाने, एका पोत्याने कोणालाही काही होत नाही. शिळ्या मिठाईने माणसे त्याच रात्री आजारी पडतात, आणि दुकान कोणते ते गावाला कळते. येथे महिने जातात, माणूस दूर निघून गेलेला असतो, आणि त्याच्या पायांचा माग कोणत्याही पेढीपर्यंत येत नाही.

मला त्या दिवशी आठवले ते ऊसतोडीच्या टोळ्यांचे. आपल्या चिकोडी, संकेश्वर, निपाणी भागांतील कारखान्यांसाठी दरवर्षी टोळ्या येतात, चार-पाच महिने फडावर राहतात. मुकादम एकदम माल भरतो, तो स्वस्तात स्वस्त. तरुण वय, अंगमोड काम, आणि सगळा हंगाम एकाच पोत्यातील डाळ. डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या अटी या एका ठिकाणी भरतात. आपल्या भागात असा रोगी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि तसे व्हावयाचे तर डाळीत लाखोळीचे प्रमाणही मोठे लागेल. पण त्या सहा पोत्यांपैकी दोन एका मुकादमाने नेली होती. मी स्वतः फडावर जाऊन ती परत आणली. तीन गावातील दुकानांतून मिळाली. सहावे एका खाणावळीत शिजून संपले होते. उरलेला माल परत गेला, दलालाशी व्यवहार संपला, आणि वाहतुकीसह भुर्दंड माझ्या खात्यावर पडला.

अख्खी डाळ नजरेने ओळखता येते, पिठात मात्र नजर चालत नाही. म्हणून बेसन दळणाऱ्या सभासदांनी दळण्यापूर्वीच नमुना पाहावा, आणि शंका आल्यास प्रयोगशाळेचा खर्च करावा. तो एका पोत्याच्या नफ्यात बसतो की नाही, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पाहण्याची रीत सोपी आहे. पोत्याच्या तळातून, मधून व वरून बंबीने तीन नमुने काढावे, पितळेच्या परातीत एकेरी पसरावे आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पाहावे. कोनदार दाण्याची सावली वेगळी पडते. आमच्या पेढीवर हे काम आता तो जुना हमाल करतो. ओझे उचलावयाचे नाही, अशी डॉक्टरांची त्याला सक्त ताकीद आहे, आणि त्याची बोटे आता पुन्हा एकेक दाणा उचलू शकतात. त्याने बाजूस काढलेले लाखोळीचे दाणे एका काचेच्या बरणीत भरून मी संघाच्या कार्यालयात ठेवले आहेत. सभासदांनी सवडीने येऊन ते हाती घेऊन पाहावेत, व आपल्या दिवाणजींना आणि मुलांनाही दाखवावेत.